गाठ सुटल्यानंतर

मिरजेहून बेळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘चिकोडी रोड’ या नावाचे एक स्थानक आहे. ते चिकोडी गावात नाही. नावातील ‘रोड’ हा शब्दच प्रवाशाला सांगतो की, येथून पुढचा रस्ता आपला आपण कापावयाचा आहे. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठच्या या मुलुखात ऊस पिकतो आणि तंबाखू पिकतो. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे एकाच उंबऱ्याच्या आत नांदतात. शरीरात नको असलेली गोष्ट वाढू लागली म्हणजे मराठी सासू तिला गाठ म्हणते आणि कानडी शेजारीण गंटु म्हणते. शब्द दोन असले, तरी ती गाठ छातीत असेल तर दोघींच्या तोंडी येणारे मौन मात्र एकच असते.

या मौनाची किंमत फार मोठी आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्या रोगाने मृत्यू पावल्या. या आकड्यांनी मन दडपून जाते, हे खरे. परंतु त्यांतच दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. या रोगातून उठून पुन्हा आपल्या घरी, आपल्या कामावर गेलेल्या स्त्रियांची संख्याही लहान नाही. रोगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे; शस्त्रक्रियेचा इतिहासही ग्रंथांतून मिळतो. पण शस्त्रक्रिया झाल्यानंतर, टाके निघाल्यानंतर, ती स्त्री घरी परत आल्यानंतर पुढे काय झाले, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला. तो कसा विचारला गेला, याची कथा मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन आहे. ते हळूहळू वाढते, खोल मूळ धरते आणि सहसा पिकत नाही, असे तेथे सांगितले आहे. एका अर्बुदावर किंवा त्याच्या शेजारी दुसरे अर्बुद उत्पन्न होते, याचीही नोंद आहे. आणि चिकित्सास्थानात असा इशारा आहे की, दोषाचा अंश शिल्लक राहिला तर अर्बुद पुन्हा उद्भवते. शस्त्रवैद्याच्या मनातील जी भीती पुढे दोन हजार वर्षे टिकली, तिचे बीज या एका वाक्यात सापडते. प्राचीन मिसर देशातील एका पपायरसात छातीवर उठलेल्या गाठींचे वर्णन करून लेखकाने प्रांजळपणे नमूद केले आहे की, यावर उपचार नाही.

इराणची राणी अतोसा हिची कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सांगितली आहे. ही सायरस सम्राटाची कन्या आणि दारयसाची पत्नी. तिच्या स्तनावर गाठ आली. गाठ लहान होती तोवर लाजेने तिने ती कोणासही दाखविली नाही. ती फुटून पसरू लागली तेव्हा तिने डेमोसिडीझ नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावणे धाडले आणि त्याने तिला बरे केले. ती गाठ कर्करोगाचीच होती, असे आज ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु जिच्या दारी साम्राज्यातील सर्व वैद्य हात जोडून उभे राहिले असते, त्या सम्राज्ञीनेही पदराआड दुखणे लपविले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चिकोडीच्या पेठेतील किंवा निपाणीच्या वखारीतील बाई तसेच करते तेव्हा तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

भुलीचे औषध नव्हते तोवर शस्त्रक्रिया म्हणजे साक्षात यमयातना होती. जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने १८०४ साली धोतरा व इतर वनस्पतींपासून तयार केलेला काढा पाजून एका वृद्ध स्त्रीला निद्रित केले आणि तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. पाश्चात्य देशांत ईथरचा जाहीर प्रयोग होण्यास त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लागावयाची होती. हानाओकाच्या दप्तरात पुढे अशा दीडशेहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. आपल्याकडे शेताच्या बांधावर माजणारा धोतरा दूर जपानमध्ये एका स्त्रीच्या वेदना हरण करीत होता, ही गोष्ट कौतुकाची खरीच.

इंग्लंडची कादंबरीकार फॅनी बर्नी ही तितकी भाग्यवान नव्हती. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, नेपोलियनच्या सैन्याचा शस्त्रवैद्य लारे याने तिच्या स्तनावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा तिच्या गुंगीसाठी मद्याच्या एका पेल्याखेरीज काही नव्हते. ती वाचली आणि १८४० पर्यंत जगली. तिने आपल्या बहिणीला त्या प्रसंगाचे पत्र लिहिले. पण ते पुरे करावयास तिला अनेक महिने लागले. जखम भरून आल्यावरही तो दिवस आठवताना तिला असह्य होत होते. शरीराची जखम आणि मनाची जखम एकाच वेगाने भरत नाहीत, याची अशी स्पष्ट साक्ष त्यापूर्वी क्वचितच कोणी लिहून ठेवली असेल. तिच्या शस्त्रवैद्याने आपले काम उत्तम केले होते. मात्र पुढच्या महिन्यांत ती ज्यातून गेली, त्यावर त्या काळच्या वैद्यकापाशी ना औषध होते, ना शब्द.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने या रोगावरील शस्त्रक्रियेला एक निश्चित रूप दिले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील पन्नास रुग्णांचा वृत्तांत त्याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा तर्क सरळ होता. कर्करोग एका ठिकाणी जन्मतो आणि तेथून पाण्यात टाकलेल्या तेलाच्या थेंबाप्रमाणे क्रमाक्रमाने बाहेर पसरतो. तेव्हा जितके दूरवर कापावे तितके चांगले. म्हणून त्याने स्तनाबरोबर छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व एकसंध काढून टाकले. जखमेच्या जागी रोग परत येण्याचे प्रमाण त्यामुळे पुष्कळ उतरले, आणि पुढची सुमारे ऐंशी वर्षे ही शस्त्रक्रिया जगभर प्रमाण मानली गेली. सुश्रुतांनी सांगितलेला इशारा जणू अक्षरशः पाळला गेला होता.

पण हा इशारा पाळताना बाईचा हात गेला. छातीचा स्नायू काढल्यावर खांदा आखडतो. काखेतील गाठी काढल्या म्हणजे हातातील लसिकाद्रव परत फिरण्याची वाट बंद होते. मग हात सुजतो, जड होतो, आणि साध्या काट्याच्या ओरखड्यानेही लाल होऊन ताप येतो. बाल्टिमोरमधील सधन गृहिणीला हे दुःख होतेच. परंतु कृष्णाकाठच्या बाईचा हात म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. पहाटे जाते ओढणारा तो हात. आडाचे पाणी शेंदणारा, परातीत ज्वारीचे पीठ मळून भाकरी थापणारा, तंबाखूची पाने खुडणारा, वखारीत बसून तंबाखू चाळणारा, विडीचे पान कापून वळणारा तो हात. तिचा संसार त्या हातावर चालतो. तिला ‘रोग गेला, आता तू बरी झालीस’ असे सांगितले आणि तो हात खांद्यापर्यंतही उचलता येत नसेल, तर त्या बरे होण्याला ती काय म्हणेल?

या सीमाभागात उपचाराची पहिली मोठी वाट मिरजेस जाऊन पोहोचत होती. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने या भागात आले, आणि मिरजेच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर १८९४ साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी त्याचा लौकिक दूरवर पसरला. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही दिशांचे रुग्ण तेथे येत. पुढे १९६३ साली बेळगावातच जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि जिल्ह्याच्या रुग्णाला दक्षिणेकडेही आधार मिळाला. मात्र कर्करोगाच्या उपचारासाठी बराच काळ शेवटचे नाव एकच होते : मुंबई, परळ, टाटा.

त्या रुग्णालयाचा जन्मही एका दुःखातून झाला. लेडी मेहरबाई टाटा यांचा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत मृत्यू झाला. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात आले की, जो उपचार आपल्या पत्नीसाठी परदेशी शोधावा लागला, तो आपल्या देशात सर्वांना मिळाला पाहिजे. दोराबजीही पुढच्याच वर्षी निवर्तले. परंतु त्यांच्या विश्वस्त निधीने संकल्प पुरा केला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुशक्ती विभागाकडे सोपविण्यात आले. गोव्याच्या मातीशी नाते असलेले डॉक्टर अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारख्या शल्यविशारदांनी तेथे आपले आयुष्य वेचले. रुग्णालयाशेजारचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९५१ साली डॉक्टर जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना केली. जनजागृती, लवकर निदान आणि रुग्णांचे पुनर्वसन ही कामे तिने आपल्याकडे घेतली. ‘पुनर्वसन’ हा शब्द रोग्याच्या बाबतीत वापरला जाऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच परिसरात एका मराठी स्त्रीचे संशोधन चालू होते. कमल समर्थ यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून, विवाहानंतर कमल रणदिवे या नावाने त्या डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली रोगविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स येथे गेल्या. ज्या संस्थेत हॉल्स्टेडने आपली शस्त्रक्रिया घडविली होती, तेथेच या मराठी विदुषीने जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची कला आत्मसात केली. परत येऊन त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या वंशावळी पाळून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा कसा असतो, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. घराघरांत ज्या रोगाचे नाव दबक्या आवाजातही घेतले जात नव्हते, त्याची सूक्ष्मदर्शकाखाली निर्भयपणे चौकशी करणारी ही स्त्री महाराष्ट्राच्या स्मरणात अधिक ठळक असावयास हवी.

तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या स्त्रीचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. तो प्रथम एका रुग्ण स्त्रीनेच हाती घेतला. न्यू यॉर्कच्या टेरेसा लॅसर या बाईंवर १९५२ साली हॉल्स्टेडच्या पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. हात कसा हलवावा, कपडे कसे घालावे, घरच्यांशी काय बोलावे, यांविषयी तिला कोणी काहीही सांगितले नाही. मग तिने आपले आपणच व्यायाम शोधले आणि ती इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागली. काही डॉक्टरांना ही ढवळाढवळ रुचली नाही. परंतु जिने तीच जखम सोसली आहे ती ताठ उभी राहून, नेटके कपडे नेसून समोर येते आणि आपला हात डोक्यावर नेऊन दाखविते, तेव्हा खाटेवरच्या स्त्रीला जो धीर मिळतो तो कोणत्याही औषधाच्या बाटलीत नसतो. तिने सुरू केलेल्या या कार्यास १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपलेसे केले आणि पुढे ते अनेक देशांत पसरले.

त्या व्यायामांत गूढ असे काही नाही. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जावयाचे आणि रोज एक बोट वर खूण करावयाची. मुठीत चेंडू धरून तो दाबावयाचा आणि सोडावयाचा. हळूहळू वेणी घालण्याइतका हात मागे न्यावयाचा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे लवकर सुरुवात केली तर खांदा मोकळा राहतो. दुखते म्हणून हात अंगाशी बांधून ठेवला तर तो तेथेच आखडतो. घरातील माणसांचे प्रेम अनेकदा येथेच चुकते. ‘तू काही करू नकोस, बसून राहा’ असे सांगणारी थोरली जाऊ मायेनेच बोलत असते. पण त्या मायेने हात निकामी होऊ शकतो.

इकडे शल्यशास्त्रातही शंकेचा वारा वाहू लागला होता. लंडनचे जेफ्री केन्स यांनी १९२० नंतरच्या काळात रेडियमच्या सुया वापरून लहान शस्त्रक्रियेवर भागविण्याचा प्रयत्न केला होता. एडिंबरोचे मॅक्व्हर्टर यांनी १९४८ मध्ये स्नायू न काढता साधी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर क्ष-किरण अशी पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे जुन्या मंडळींनी मनावर घेतले नाही. अखेर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी वाद तराजूत घालण्याचे ठरविले. १९७१ पासून १,६६५ स्त्रियांना सोडतीच्या पद्धतीने निरनिराळ्या उपचारगटांत घालून त्यांनी वर्षानुवर्षे निकाल पाहिला. पंचवीस वर्षांनीही दिसले ते हेच की, सरसकट मोठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया अधिक जगल्या नव्हत्या. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर तसाच अभ्यास केला. लहान गाठीसाठी स्तनाचा भाग तेवढा काढून वर किरणोपचार दिले, तरी आयुर्मान कमी होत नाही, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. फिशर यांच्या १९८५ च्या निष्कर्षांनी त्याला दुजोरा मिळाला.

कर्करोग तेलाच्या थेंबासारखा ओळीने पसरत नाही; त्याच्या पेशी फार लवकर रक्तातून दूर निघून गेलेल्या असू शकतात, हे यातून स्पष्ट झाले. अर्थात ज्या पेशी चाकूच्या आवाक्याबाहेर गेल्या, त्यांच्यासाठी रक्तातूनच जाणारे औषध हवे. ग्लासगोच्या बीटसन यांनी १८९६ मध्येच बीजकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील गाठी विरघळतात, असे दाखविले होते. त्या धाग्याचे दुसरे टोक १९७१ मध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात टॅमॉक्सिफेन या गोळीच्या रूपाने हाती आले. घरी बसून रोज एक गोळी घ्यावयाची, पण ती पाच वर्षे, काही वेळा दहा वर्षे न चुकता घ्यावयाची, असा हा उपचार. ज्यांची गाठ संप्रेरकांवर पोसलेली असते त्यांना तो फार उपयोगी पडतो. १९७६ मध्ये मिलानच्याच बोनादोन्ना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची रसायनचिकित्सा दिल्यास रोग परतण्याचे प्रमाण घटते, हे सिद्ध केले.

या औषधांनी जीव वाचला, पण अनेक रुग्णांचे केस गेले. ज्या समाजात विधवेच्या केशवपनाची आठवण अजून पुरती पुसलेली नाही, तेथे सौभाग्यवती स्त्रीने आरशात आपला मुंडित मस्तक पाहणे हा केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. आजीच्या काळचे अमंगळ आपल्या अंगावर आले, अशी भीती तिला शिवते. हळदीकुंकवाचे आमंत्रण टाळावेसे वाटते. औषधाच्या बाटलीवर या दुःखाचे नाव छापलेले नसते. वास्तविक बहुतेक रुग्णांच्या बाबतीत औषध संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा उगवतात, कधी पूर्वीपेक्षा दाटही येतात. ही साधी माहिती आधीच, स्पष्ट शब्दांत, नवऱ्यासमक्ष आणि सासूसमक्ष दिली गेली, तर कितीतरी अश्रू वाचतील.

शेवटी गेल्या तीस वर्षांत वैद्यकाने त्या हाताकडे खरोखर लक्ष दिले. काखेतील सर्व गाठी काढण्याऐवजी ज्या पहिल्या गाठीकडे स्तनातील लसिकाद्रव जातो, ती पहारेकरी गाठ रंगद्रव्याने ओळखून तपासावी, आणि ती रोगमुक्त असेल तर बाकीच्यांना हात लावू नये, अशी रीत १९९० नंतर रूढ झाली. त्यामुळे हात सुजण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. २००९ मध्ये अमेरिकेतील कॅथरिन श्मिट्झ यांच्या अभ्यासाने आणखी एक समज मोडून काढला. सुजलेल्या हाताने वजन मुळीच उचलू नये, असे पूर्वी बजावले जाई. देखरेखीखाली, थोडेथोडे वाढवीत वजन उचलणाऱ्या स्त्रियांचा हात अधिक सुजला नाही. उलट त्यांचा त्रास उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. कळशी उचलणे ज्यांच्या नित्याचे आहे, त्यांच्यासाठी ही वार्ता मोलाची आहे. पहिल्याच दिवशी भरलेली कळशी उचलावी, असा तिचा अर्थ नव्हे. आधी तांब्या, मग घागर, हाच तिचा क्रम.

किरणोपचारातही असाच बदल झाला. पूर्वी रोज एक याप्रमाणे पाच आठवडे किरण घ्यावे लागत. चिकोडीच्या स्त्रीसाठी याचा अर्थ पाच आठवडे परगावी खोली, सोबतीला एक माणूस, घरी लेकरे आणि शेतात पीक वाऱ्यावर. अनेकींचा उपचार रोगाने नव्हे, या हिशेबाने अर्ध्यावर सुटला. इंग्लंडमधील अभ्यासांनी प्रथम तीन आठवडे पुरतात हे दाखविले, आणि २०२० मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीतून योग्य रुग्णांना एका आठवड्यातील पाच मात्राही पुरेशा ठरतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दूरच्या खेड्यातील बाईला मिळालेला हा महिनाभराचा अवधी म्हणजे एक प्रकारचे औषधच होय.

मुंबईने जगाला दिलेले धडेही येथे नोंदले पाहिजेत. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टर इंद्रनील मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तनाची तपासणी केली. यंत्र नाही, वीज नाही, केवळ शिकलेली बोटे. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की, तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. शास्त्राने हेही लपविले नाही. या कथेच्या आरंभी ज्या हाताची चिंता होती, तोच हात येथे रोग शोधणारा हात झाला.

चिकोडी-निपाणीच्या भूमीला स्त्रियांच्या हाताचे सामर्थ्य नवे नाही. १९८० च्या सुमारास निपाणीच्या वखारींतील तंबाखू कामगार स्त्रिया चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली एकत्र आल्या आणि त्यांनी मजुरीसाठी व माणुसकीच्या वागणुकीसाठी लढा दिला. छाया दातार यांनी त्या लढ्याचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला आहे. ज्या बायका मालकापुढे मान वर करीत नसत, त्या सभेत उभ्या राहून बोलू लागल्या. मजुरीविषयी तोंड उघडता येते, तर छातीतील गाठीविषयीही उघडता येईल. दोन्हीकडे पहिली अडचण एकच असते : आपले दुखणे हे बोलण्याजोगे आहे, असे बाईला वाटावयास हवे.

सीमाभागाची एक निराळी अडचण मात्र आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. रुग्णाची पायवाट तशीच राहिली. ती मिरजेस जाते, कोल्हापुरास जाते, मुंबईस जाते. शासनाची कागदपत्रे मात्र सीमेपाशी थांबतात. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटक शासनाने त्यास हरकत घेतली. राज्याराज्यांतील वादाचा निवाडा न्यायालय करील. रोग्याला मात्र निवाड्याची वाट पाहण्यास सवड नसते. कोणते कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते, हे गावातील एखाद्या शिक्षकाने वा आशा कार्यकर्तीने आधीच विचारून ठेवले, तरी एका कुटुंबाची जमीन गहाण पडण्यावाचून राहील.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य काय? गाठ काढणे हे उपचाराचे एक पर्व आहे. बाईला तिच्या घरी, तिच्या कामावर आणि तिच्या मैत्रिणींत परत पोहोचविणे हे दुसरे. पहिल्या पर्वाला सुश्रुतांपासून हॉल्स्टेडपर्यंत अनेक थोर नावे लाभली. दुसऱ्या पर्वाची नायिका बहुधा निनावी राहते. ती शेजारीण असते, जाऊ असते, कधी पाच वर्षांपूर्वी याच दुखण्यातून उठलेली पलीकडच्या गल्लीतील आजी असते. ती येते, दाराला कडी घालते, पदर सारून आपला व्रण दाखविते आणि म्हणते, ‘बघ, मी भाकरी थापते.’

चिकोडी रोडच्या स्थानकावर उतरून गावाकडच्या रस्त्याला लागलेल्या त्या स्त्रीची वाट अजून बरीच बाकी असते. तिच्या हातात औषधांची पिशवी असते, आणि कागदाच्या घडीत व्यायामाची चित्रे असतात. घरी पोहोचल्यावर ती चित्रे भिंतीवर लागली, आणि त्याच भिंतीवर दररोज एक बोट वर खूण चढत गेली, तर वैद्यकाच्या या प्रदीर्घ प्रवासाचे त्या घरापुरते तरी सार्थक झाले, असे म्हणता येईल.